विश्लेषण : अंगणातले झुडूप उन्हाने जाते की कात्रीने?

नरडाण्यासारख्या गावात पावसाळ्यात हौसेने लावलेली जास्वंद किंवा मोगरा पुढच्या मे महिन्यात वाळून जातो, आणि दोष उन्हाला दिला जातो. ऊन कडक असतेच. पण त्याच गावातली कण्हेर त्याच उन्हात फुललेली दिसते. फरक असतो तो झुडपाच्या निवडीत, मातीच्या तयारीत आणि छाटणीच्या वेळेत. खान्देशातल्या अंगणासाठी झुडूप कसे निवडावे, कसे वाढवावे आणि कात्री केव्हा लावावी, याविषयी…

नरडाण्याचे हवामान झुडपांसाठी किती कठीण?

धुळे जिल्ह्याच्या शिंदखेडा तालुक्यातले नरडाणा हे सुरत-भुसावळ लोहमार्गावरचे आणि मुंबई-आग्रा महामार्गालगतचे गाव. औद्योगिक वसाहतीमुळे त्याचे नाव आता बाहेरही पोहोचले आहे. पण हवामानाच्या दृष्टीने हा पर्जन्यछायेतला, वारंवार टंचाई सोसणारा भाग आहे. वर्षाचा पाऊस साधारण ५०० ते ६०० मिलिमीटर, तोही जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. एप्रिल-मेमध्ये पारा ४३-४४ अंशांपर्यंत चढतो. हिवाळ्यात मात्र धुळे परिसरात काही रात्री तापमान पाच-सहा अंशांपर्यंत उतरते. म्हणजे एकाच झुडपाला वर्षभरात जवळपास ४० अंशांचा फरक सोसावा लागतो. पुण्याच्या किंवा कोकणातल्या बागेचे वेळापत्रक इथे जसेच्या तसे लागू पडत नाही, त्याचे कारण हेच. पुण्यात मार्चमध्ये केलेली हलकी छाटणी खपून जाते. नरडाण्यात तीच छाटणी झुडपाच्या जिवावर बेतू शकते.

पाण्याचा प्रश्न नेमका किती मोठा?

एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. खान्देशात मे महिन्यात उघड्या भांड्यातले पाणी दिवसाला सुमारे १० मिलिमीटर आटते. पानांनी भरलेल्या झुडपाला त्याच्या निम्मे पाणी लागते असे धरले, तरी मीटरभर घेराच्या एका जास्वंदीला दिवसाला साधारण पाच लिटर पाणी हवे. अशा दहा जास्वंदी म्हणजे ५० लिटर. जल जीवन मिशनमध्ये ग्रामीण भागासाठी माणशी दिवसाला ५५ लिटर पाण्याचे प्रमाण धरलेले आहे. थोडक्यात, दहा जास्वंदी जवळपास एका माणसाच्या वाट्याचे पाणी पितात. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येत असेल, तर त्या घरात आधी काय सुकणार हे उघड आहे. म्हणून अंगणात किती झुडपे लावायची, हे जागेवरून नव्हे, तर मे महिन्यात किती बादल्या पाणी देता येईल यावरून ठरवावे.

मग लावावे काय?

इथल्या अंगणासाठी झुडपांचे तीन गट करता येतात. पहिला गट एकदा रुजल्यावर फारसे न मागणाऱ्यांचा : कण्हेर, बोगनवेल, मेंदी, कोरांटी, अडुळसा, करवंद. दोन पावसाळे काढले की ही झुडपे उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांनी मिळालेल्या बादलीभर पाण्यावर तग धरतात. महामार्गांच्या दुभाजकांत कण्हेर आणि बोगनवेल इतक्या ठिकाणी दिसतात, त्यामागचे कारण हेच. अडुळशाला शेळ्या तोंड लावत नाहीत, करवंदीच्या काट्यांतून जनावर आत शिरत नाही आणि मेंदीचे कुंपण कितीही कातरले तरी फुटते. मोकळ्या अंगणाला कडेने लावायला हीच झुडपे बरी.

दुसरा गट नियमित पाणी मागणाऱ्यांचा, पण इथे उत्तम येणाऱ्यांचा : जास्वंद, मोगरा, तगर, पारिजातक, गुलाब. घरच्या पूजेला फुले हवीत, गणपतीला जास्वंद हवी, म्हणून यातली दोन-तीन झुडपे प्रत्येक अंगणात असतातच. ती तेवढीच ठेवावीत आणि स्वयंपाकघराच्या किंवा न्हाणीच्या जवळ लावावीत, म्हणजे पाणी घालणे विसरले जात नाही.

तिसरा गट मोहात पाडणाऱ्यांचा : अनंत, एक्झोरा आणि अशीच आम्लधर्मी माती मागणारी झुडपे. नर्सरीत ती हिरवीगार दिसतात. खान्देशातल्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत आणि जड पाण्यावर मात्र वर्षभरात त्यांची पाने पिवळी पडतात. शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ऊस उत्पादकांना हे लक्षण ‘केवडा’ या नावाने माहीत आहे. जमिनीत लोह असते, पण चुन्यामुळे ते मुळांना उचलता येत नाही. अशा जमिनीत नुसते फेरस सल्फेट टाकून उपयोग होत नाही, कारण तेही काही दिवसांत अडकून पडते. चिलेटेड लोह द्यावे किंवा पानांवर फवारणी करावी लागते, आणि ते दरवर्षी. ही हौस असेलच, तर ते झुडूप मोठ्या कुंडीत, वेगळ्या मातीत, दुपारची सावली मिळेल अशा जागी ठेवावे.

शोभेचे म्हणून दिसेल ते लावणेही बरे नव्हे. घाणेरी अर्थात टणटणी हे झुडूप भारतात एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बागेची शोभा म्हणूनच आणले गेले. आज ते जंगले आणि गायराने व्यापून बसले आहे.

अंगणात कोणत्या दिशेला काय?

पश्चिमेची भिंत दुपारी तापते आणि सूर्य मावळल्यावरही उष्णता सोडत राहते. तिच्याजवळ मोगरा किंवा गुलाब लावला तर पानांच्या कडा करपतात. तिथे बोगनवेल किंवा कण्हेर लावावी. त्यामुळे भिंतीलाही सावली मिळते. पूर्वेला सकाळचे ऊन आणि दुपारनंतर घराची सावली मिळते; जास्वंद, मोगरा, गुलाब यांची जागा ती. उत्तरेला, जिथे ऊन कमी येते तिथे अडुळसा चालतो. अंगणात पेव्हर ब्लॉक किंवा कोबा असेल, तर झुडपाभोवती किमान दोन-अडीच फूट घेर मोकळा ठेवावा. नाहीतर मुळांना पाणीही मिळत नाही आणि तापलेल्या फरशीची धग वेगळीच.

भिंतीपासून लहान झुडूप तीन फूट आणि कण्हेरीसारखे मोठे झुडूप पाच-सहा फूट दूर असावे. लावताना रोप वीतभर असते, त्यामुळे ही अंतरे जास्त वाटतात. पुढे तीन-चार वर्षांनी खिडकी झाकणारी फांदी दर महिन्याला कापावी लागते ती सुरुवातीला अंतर चुकल्यामुळे.

नर्सरीतले चांगले रोप घरी आल्यावर का मरते?

महाराष्ट्रातल्या अनेक नर्सऱ्यांत शोभेची रोपे आंध्र प्रदेशातल्या राजमहेंद्रवरमजवळच्या कडियमहून येतात. पिशवीतली माती बहुधा लाल असते. हा लाल मातीचा गोळा काळ्या मातीत तसाच बसवला, तर दोन्ही मातींत पाणी सारखे फिरत नाही. वरून जमीन ओली दिसते, पण गोळा आतून कोरडाच राहतो. किंवा याउलट, पावसाळ्यात काळ्या मातीच्या खड्ड्यात पाणी साचते आणि मुळे कुजतात. घरच्यांना वाटते, पाणी तर रोज घातले होते.

यावर उपाय सोपा आहे. उन्हाळ्यातच दीड फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा घेऊन तो उन्हात तापू द्यावा. भरताना दोन घमेली काळी माती, एक घमेले चांगले कुजलेले शेणखत आणि एक घमेले बारीक मुरूम किंवा जाड वाळू असे मिश्रण वापरावे. खड्डा जमिनीच्या वर चार बोटे उंच भरावा, म्हणजे माती बसल्यावर तिथे खळगा होत नाही. पिशवी पूर्ण काढावी, गोळ्याच्या बाहेरची माती हाताने थोडी मोकळी करावी आणि गोल फिरलेली मुळे कापावीत. लागवड पहिल्या वळवाच्या सरीवर करू नये. शेतकरी जसा ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमीन भिजल्याशिवाय पेरणी करत नाही, तोच नियम अंगणालाही लागू आहे.

पाणी देताना काय चुकते?

रोज तांब्याभर पाणी ही सर्वांत मोठी चूक. त्याने वरची दोन बोटे माती भिजते, मुळे वरच राहतात आणि उन्हाने तीच आधी करपतात. त्यापेक्षा दोन-तीन दिवसांनी, पण बादलीभर पाणी सावकाश द्यावे. आळे खोडाला चिकटून नसावे. फांद्यांचा घेर जिथे संपतो तिथे असावे, कारण पाणी पिणारी बारीक मुळे तिथे असतात. ठिबक सिंचन खान्देशाला नवे नाही. जळगावच्या जैन इरिगेशनमुळे ते इथल्या शेतांत कधीच पोहोचले. अंगणातही ताशी चार लिटरचा एक ड्रिपर आणि छतावरची लहान टाकी एवढ्यावर काम भागते. तेही नको असेल, तर छोटे मडके झुडपाजवळ गळ्यापर्यंत पुरून त्यात पाणी भरावे. ते झिरपत राहते.

आच्छादन हा दुसरा उपाय. गव्हाचा भुसा, भुईमुगाची टरफले किंवा वाळलेली पाने यांचा तीन-चार बोटे जाड थर आळ्यात पसरला, तर मातीतून उडून जाणारे पाणी बरेच वाचते. थर खोडाला टेकू देऊ नये, वाळवी लागते.

सांडपाण्याबाबत थोडा विवेक हवा. भाजी-तांदूळ धुतलेले पाणी कोणत्याही झुडपाला चालते. कपड्यांच्या साबणाच्या पाण्यात सोडियम असते. ते काळ्या मातीत साठत गेले की माती घट्ट होते आणि पाणी मुरत नाही. पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ यंत्रातून बाहेर टाकलेले पाणी मूळ पाण्यापेक्षा खारट असते. ते कण्हेर आणि बोगनवेल सोसतात. गुलाब आणि अनंताला देऊ नये.

छाटणी कशासाठी?

झाड लहान ठेवण्यासाठी, असा सर्वसाधारण समज. प्रत्यक्षात छाटणी फुलांसाठी आणि फांद्यांमध्ये हवा-उजेड खेळण्यासाठी असते. फांदीच्या शेंड्यात तयार होणारे ऑक्सिन हे संप्रेरक खालच्या डोळ्यांना फुटू देत नाही. शेंडा काढला की हा अडसर दूर होतो आणि खालून दोन-तीन फुटवे येतात. तुरीचे शेंडे खुडणारा शेतकरी हेच करतो. जास्वंद, मोगरा, गुलाब, बोगनवेल, कण्हेर या सगळ्यांची फुले नव्या फुटीवर येतात. जितके नवे फुटवे, तितकी फुले. जुनी, काटकुळी वाढ तशीच ठेवली तर झुडूप वर वर जाते, खालून उघडे पडते आणि फुले हाताला येत नाहीत.

मग कात्री केव्हा लावावी?

या प्रश्नावर सारे अवलंबून आहे. खान्देशासाठी एक नियम लक्षात ठेवला तरी पुरे : होळीपासून मृगापर्यंत झुडपाला जड छाटणी नाही. आखाजीला पाहुणे येणार म्हणून अंगण साफ करताना झुडपे भादरण्याची अनेक घरांत पद्धत आहे. पण त्याच वेळी ऊन सर्वांत कडक असते. बाहेरची पाने गेली की आतल्या, आजवर सावलीत वाढलेल्या फांद्यांच्या सालीवर थेट ऊन पडते. साल भाजते आणि तडकते. छाटणीनंतर फुटणारी कोवळी पालवी पाणी अधिक मागते, आणि पाणी तेव्हाच कमी असते. साठवलेले अन्न पालवीत खर्च होते, पालवी उन्हाने करपते आणि झुडूप दोन्हीकडून नागवले जाते. एप्रिल-मेमध्ये फक्त वाळलेली फांदी आणि सुकलेली फुले काढावीत.

बाकी वेळापत्रक झुडपानुसार असे :

जास्वंद, तगर, कण्हेर : पावसाच्या सुरुवातीला, जून अखेर ते जुलै, उघडीप बघून. एक तृतीयांशापेक्षा जास्त उंची एका वेळी काढू नये. जास्वंदीचे शेंडे फेब्रुवारीच्या मध्यात, थंडी ओसरल्यावर पुन्हा हलके खुडता येतात.

बोगनवेल : उन्हाळ्यातला बहर संपल्यावर, जून-जुलैमध्ये. त्यानंतर पाणी बेताचेच ठेवावे; पाणी आणि खत जास्त झाले की नुसती पाने वाढतात.

मोगरा : नोव्हेंबर अखेर ते जानेवारी. आधी थोडे दिवस पाणी तोडावे, मग जमिनीपासून सुमारे दीड फुटावर छाटावे, खत देऊन पाणी सुरू करावे. मार्चपासून कळ्या दिसतात. मोगऱ्याला ही छाटणी मिळाली नाही तर उन्हाळ्यात पाने भरपूर आणि फुले मोजकी, अशी तक्रार येते.

गुलाब : पाऊस पूर्ण थांबल्यावर, ऑक्टोबरमध्ये. हिवाळाभर फुले मिळतात.

पारिजातक आणि कोरांटी : फुले संपल्यावर, फेब्रुवारीत. पारिजातक जुलैमध्ये छाटला तर श्रावण-भाद्रपदातली फुले आपल्याच हाताने जातात.

मेंदीचे कुंपण : जून ते सप्टेंबर कधीही. कुंपण वर अरुंद आणि खाली रुंद राहील असे कातरावे, म्हणजे खालच्या पानांनाही ऊन मिळते.

छाटणी कशी करावी?

विळ्याने किंवा कोयत्याने फांदी तोडली की ती चिरते आणि तिथून सड आत शिरते. द्राक्ष-डाळिंबाच्या बागांत वापरतात तो सिकेटर घरासाठी एकदाच घ्यावा. पाते धारदार असावे आणि एका झुडपावरून दुसऱ्याकडे जाताना स्पिरिटने पुसावे. आधी वाळलेल्या, मग रोगट, मग एकमेकींना घासणाऱ्या फांद्या काढाव्यात. एवढे करून दोन पावले मागे येऊन पाहावे. बऱ्याचदा याहून जास्त कापायची गरज उरत नाही. फांदी छाटताना बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या अर्धा सेंटिमीटर वर तिरका काप द्यावा. लांब खुंट ठेवला तर तो वाळतो आणि वाळणे खाली उतरत जाते.

बोटाहून जाड कापावर बोर्डो पेस्ट लावावी. घरापुरते प्रमाण : १०० ग्रॅम मोरचूद, १०० ग्रॅम चुना, एक लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळे प्लॅस्टिकच्या किंवा मातीच्या भांड्यात भिजवून मग एकत्र करावे. लोखंडी भांडे वापरू नये. मोठ्या झुडपाला छाटणीनंतर दोन-तीन किलो शेणखत आणि दोन मुठी निंबोळी पेंड द्यावी.

वर्षानुवर्षे न छाटलेले, गुंतून बसलेले झुडूप एका दिवसात सरळ करण्याचा मोह टाळावा. तीन वर्षांत काम वाटून घ्यावे : दर पावसाळ्यात सर्वांत जुन्या खोडांपैकी एक तृतीयांश बुडातून काढावीत. तिसऱ्या वर्षी संपूर्ण झुडूप नवे झालेले असते आणि मधल्या काळात फुलेही बंद होत नाहीत. जमिनीपासून फूटभर उंचीपर्यंतच्या फांद्या काढून टाकाव्यात. खालून मोकळे असलेले झुडूप झाडून काढता येते आणि साप-विंचवाला दडायला जागा राहत नाही.

कपाशीचा आणि जास्वंदीचा काय संबंध?

दोघी एकाच कुळातल्या, भेंडीही त्यांचीच. कपाशीवरचा पिठ्या ढेकूण, पांढरी माशी आणि मावा जास्वंदीवर सहज येतात. वेचणी संपल्यावर पऱ्हाटी जळणासाठी घराच्या कडेला रचली जाते आणि शेजारीच जास्वंद असते. शेतातले पीक निघाले तरी किडीचे घर अंगणात चालू राहते. म्हणून पऱ्हाटी जास्वंदीपासून दूर रचावी. शेंड्यावर कापसासारखे पांढरे पुंजके दिसताच तेवढा शेंडा कापून पिशवीत बांधून नष्ट करावा. मुंग्यांची रांग दिसली तर पिठ्या ढेकूण आसपास आहे असे समजावे. सुरुवातीलाच पाण्याचा जोरदार फवारा आणि निंबोळी अर्काची फवारणी पुरते. इथे कात्री हेच पहिले औषध.

छाटलेल्या फांद्यांचे काय करावे?

इथे एक सावधगिरी जिवाची आहे. कण्हेरीचे पान, फूल, खोड, मूळ सारेच विषारी असते; तिच्यातली द्रव्ये थेट हृदयावर परिणाम करतात. पिवळी कण्हेर म्हणजे बिट्टी तितकीच घातक, विशेषतः तिच्या बिया. ओले पान कडू असल्याने जनावर सहसा टाळते. पण वाळल्यावर कडवटपणा कमी होतो, विष मात्र तसेच राहते. छाटून रस्त्याकडेला टाकलेला कण्हेरीचा पाला म्हणूनच उभ्या झुडपापेक्षा जास्त धोकादायक. थोडीशी पानेही शेळीचा जीव घेऊ शकतात. हा पाला खड्ड्यात पुरावा; चुलीत किंवा शेकोटीत जाळू नये, कारण धूरही त्रासदायक असतो. तिच्या काडीचे दातवण करू नये. ज्या घरात लहान मूल आहे किंवा अंगणात शेळी-वासरू मोकळे असते, तिथे कण्हेर कुंपणाबाहेरही लावू नये. तिच्याऐवजी मेंदी, अडुळसा आहेत. कोणी पान किंवा बी खाल्ल्याची शंका आली, तर घरगुती उपायात वेळ न घालवता त्या झुडपाची फांदी सोबत घेऊन लगेच रुग्णालय गाठावे.

बाकीच्या फांद्या मात्र उपयोगाच्या. जास्वंद, बोगनवेल, मेंदी यांच्या पेन्सिलीएवढ्या जाड, वीतभर लांब काड्या जून-जुलैमध्ये सावलीतल्या पिशव्यांत खोचल्या तर महिना-दीड महिन्यात मुळे धरतात. नर्सरीतून आणलेल्या रोपापेक्षा हे रोप सरस ठरते, कारण ज्या झुडपाची काडी घेतली त्याने नरडाण्याचा उन्हाळा आधीच काढलेला असतो. शिवाय ते लाल मातीच्या गोळ्यात नव्हे, इथल्याच मातीत वाढते.

सुरुवात कोठून करावी?

नव्याने अंगण करणाऱ्याने पहिल्या वर्षी पाचच झुडपे लावावीत : पश्चिमेला एक बोगनवेल, कडेला दोन अडुळसे किंवा मेंदी, पूर्वेला एक जास्वंद आणि एक मोगरा. मे महिन्यात त्यांना एक दिवसाआड मिळून दोन बादल्या पाणी पुरते. माती तपासायची असेल किंवा पाने पिवळी पडण्याचे कारण समजत नसेल, तर धुळ्याचे कृषी विज्ञान केंद्र आणि कृषी महाविद्यालय जवळच आहे. माती परीक्षणाचा अहवाल शेतासाठी जितका उपयोगी, तितकाच परसबागेसाठीही. पहिले दोन उन्हाळे झुडपाला पाण्याने सांभाळावे लागते. त्यानंतर वर्षातून एकदा, योग्य महिन्यात लावलेली कात्री आणि पायाशी भुशाचा थर एवढ्यावर ही पाच झुडपे अनेक वर्षे फुलत राहतात. सहावे लावायचे की नाही, हे तिसऱ्या वर्षीच्या मे महिन्यात उरलेल्या पाण्याकडे पाहून ठरवावे.